ट्यूब तीच, जागा वेगळी : कातडीतून औषध किती आत जातं, हे कशावर ठरतं?

पावसाळा संपत आला की जांघेत खाज सुटते. आठ दिवसांत लाल कडेचा गोल चट्टा उठतो. माणूस बाजाराच्या दिवशी मेडिकलवर जातो, "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हणतो आणि मिळेल ती ट्यूब घेऊन येतो. दोन-तीन दिवसांत खाज थांबते. ट्यूब बंद केली की चट्टा परत येतो, तोही आधीपेक्षा मोठा. मग पुन्हा तीच ट्यूब. असं करता करता सहा महिने जातात. चट्टा कमरेपर्यंत पोचलेला असतो आणि जांघेतली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ झालेली असते.

शेजारच्या घरात उलटी तक्रार असते. टाचेच्या भेगांना महिनाभर मलम चोळलं, फरक काही नाही. "औषध लागू पडत नाही" म्हणून ट्यूब कोपऱ्यात पडते.

या दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. जांघेत औषध कातडीतून गरजेपेक्षा जास्त आत गेलं, टाचेत ते पोचलंच नाही. मलम कुठलं आहे याइतकंच ते कुठे, किती आणि कसं लावलं यालाही महत्त्व आहे. ही गोष्ट नीट समजली तर औषधाचा गुण येतो आणि नुकसान टळतं. शिवाय ज्या वाटेनं मलम आत जातं, त्याच वाटेनं फवारणीचं विषही आत जातं. म्हणून ही माहिती शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाची आहे.

कातडी म्हणजे विटांची भिंत

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात मेलेल्या, चपट्या पेशी एकावर एक रचलेल्या असतात. बहुतेक जागी त्यांचे १५ ते २० थर असतात. हे सगळे थर मिळूनही जाडी भरते ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही कितीतरी पातळ. तळहात आणि तळपाय यांवर मात्र हा थर बराच जाड असतो.

हा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी म्हणजे विटा, आणि दोन पेशींच्या मधली चरबी म्हणजे सिमेंट. अंगातलं पाणी बाहेर उडून जाऊ नये आणि बाहेरचं काही आत येऊ नये, हे या भिंतीचं काम. पावसात दिवसभर भिजलं तरी माणूस पाणी पिऊन फुगत नाही, ते हिच्यामुळेच.

औषधाला आत जायचं असेल तर बहुतेक वेळा या सिमेंटमधून वाट काढत जावं लागतं. सिमेंट चरबीचं असल्यानं नुसत्या पाण्यात विरघळणारं औषध तिथे अडतं. नुसतं तेलात विरघळणारं औषध सिमेंटमध्ये शिरतं, पण खालच्या ओलसर थरात उतरत नाही, वरच अडकून बसतं. दोन्हीकडे थोडं थोडं विरघळणारं औषध सगळ्यात चांगलं आत जातं.

दुसरी अट आकाराची. औषधाचा कण, म्हणजे रेणू, लहान हवा. रेणूचं वजन डाल्टन या मापात सांगतात. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा, तंबाखूतल्या निकोटिनचा १६२ डाल्टनचा. साधारण ५०० डाल्टनच्या वरचा रेणू चांगल्या कातडीतून सहसा जात नाही. इन्सुलिनचा रेणू सुमारे ५८०० डाल्टनचा आहे. म्हणून शुगरच्या रुग्णाला इन्सुलिन सहसा टोचून घ्यावं लागतं. ते नुसतं कातडीवर चोळून किंवा साध्या चिकटपट्टीनं रक्तात जात नाही. मोबाईलवर "पोटावर पट्टी लावा, शुगर घालवा" अशी जाहिरात दिसली तर ही गोष्ट आठवावी आणि चालू असलेलं इन्सुलिन बंद करू नये.

अंगावरची कातडी सगळीकडे सारखी नाही

१९६७ मध्ये अमेरिकेतले फेल्डमन आणि मायबाक या दोन डॉक्टरांनी एक मोजणी प्रसिद्ध केली. त्यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध माणसांच्या अंगावर वेगवेगळ्या जागी लावलं आणि लघवीतून किती बाहेर पडतं ते मोजलं. हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला जेवढं औषध आत जातं ते १ धरलं, तर बाकीच्या जागांचा हिशेब असा निघाला :

- तळपाय : ०.१४, म्हणजे सातवा हिस्सा
- डोक्याची कातडी : साडेतीन पट
- काख : साडेतीन पटींहून थोडं जास्त
- कपाळ : सहा पट
- जबड्याचा कोपरा : १३ पट
- अंडकोशाची कातडी : ४२ पट

ट्यूब तीच, औषध तेच. पण टाचेला लावलं तर आत जाईल थेंबभर, आणि जांघेजवळच्या नाजूक कातडीला लावलं तर त्याच्या कैक पट. म्हणूनच टाचेसाठी दिलेलं कडक मलम चेहऱ्याला लावायचं नसतं. सासूच्या पायाच्या इसबाची ट्यूब सुनेनं तोंडावरच्या डागाला लावणं, किंवा मुलाच्या गालावरच्या पांढऱ्या चट्ट्याला लावणं, हे त्याच कारणानं धोक्याचं आहे.

भिंत सैल कशानं होते?

औषध जास्त आत जावं म्हणून डॉक्टर आणि औषध कंपन्या काही युक्त्या वापरतात. यातल्या बऱ्याचशा घरातही नकळत होत असतात.

पाणी : कातडी ओली झाली की वरचा थर पाणी पिऊन फुगतो आणि सैल पडतो.  अशा ओलसर कातडीतून बरीच औषधं जास्त आत जातात.

झाकण : मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलं तर घाम आणि ओल आतच राहते. मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी १९६२ मध्ये दाखवलं की, झाकून ठेवल्यावर काही स्टिरॉईड औषधं १०० पटींपर्यंत जास्त आत जाऊ शकतात. टाके घालण्याआधी किंवा सुई टोचण्याआधी कातडी बधिर करायचं एक क्रीम असतं. ते लावून वर पट्टी चिकटवून तासभर ठेवतात, ते याचसाठी. तान्ह्या बाळाचा घट्ट डायपर किंवा प्लास्टिकची चड्डी हेही झाकणच. एकमेकींना चिकटलेल्या दोन मांड्यांमधली जागा तर कायमचीच झाकलेली.

उष्णता : गरम पाणी, शेक किंवा ताप यामुळे कातडीखालचा रक्तपुरवठा वाढतो आणि औषध झपाट्यानं उचललं जातं.

घासणं आणि जखम : खाजवून ओरखडलेली, भाजलेली किंवा सोललेली कातडी म्हणजे पडकी भिंत. तिथून काहीही सरळ आत जातं. म्हणून भाजल्यावर टूथपेस्ट, राख, चुना असलं काही थापू नये. साधं वाहतं गार पाणी २० मिनिटं सोडावं आणि दवाखाना गाठावा.

मलमाचा प्रकार : आपण सगळ्यालाच 'ट्यूब' म्हणतो, पण आतला माल वेगवेगळा असतो. चिकट, तेलकट असतं ते मलम. ते ओल आत धरून ठेवतं, म्हणून तेच औषध मलमात असेल तर सहसा जास्त आत जातं. जाड, कोरड्या, भेगाळलेल्या कातडीला ते बरं. पांढरं, लगेच पसरणारं ते क्रीम. ओलसर जागेला आणि घडीच्या जागेला ते सोयीचं. केसाळ जागेला लोशन किंवा जेल. डॉक्टरनं क्रीम लिहिलं असताना त्याच नावाचं मलम घेतलं, तर औषधाचा जोर बदलू शकतो.

मदतीची रसायनं : सॅलिसिलिक ॲसिड जाड, मेलेली कातडी सोडवतं. युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो आणि ती मऊ करतो. हा क्रीममधला, शुद्ध केलेला आणि मोजून घातलेला युरिया. शेतातल्या गोणीतला नव्हे. अल्कोहोल आणि प्रोपिलिन ग्लायकॉल यांसारखी द्रव्यंही पेशींमधलं चरबीचं सिमेंट सैल करतात. जेलमध्ये ती बऱ्याचदा असतात.

गजकर्णाची ट्यूब का उलटते?

आता सुरुवातीच्या माणसाकडे परत येऊ. गजकर्ण ही बुरशी आहे. ती बुरशी मारणाऱ्या औषधानं जाते. पण मेडिकलवर गजकर्णासाठी बऱ्याचदा जी ट्यूब हातात पडते, तिच्यात तीन-चार औषधं एकत्र असतात : बुरशीचं एक, जिवाणूंचं एक, आणि सोबत स्टिरॉईड. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन ही त्या स्टिरॉईडची नेहमीची नावं.

स्टिरॉईड खाज आणि लाली झटक्यात दाबतं. म्हणून माणसाला वाटतं, गुण आला. प्रत्यक्षात ते त्या जागेची रोगाशी लढायची ताकदही दाबतं. बुरशी वरून दिसेनाशी होते आणि खाली पसरत राहते. चट्ट्याची गोल कडा पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरलाही हे गजकर्ण आहे की दुसरं काही, ते ओळखणं अवघड जातं.

त्यात जागा जांघेची. तिथली कातडी पातळ, घामानं ओली, वरून घट्ट कपड्याचं झाकण. भिंत सैल करणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी. क्लोबेटासोल हे सगळ्यात कडक स्टिरॉईडांपैकी आहे. प्रौढ माणसानंसुद्धा ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये असा दंडक आहे. चेहरा, काख आणि जांघ इथे तर ते लावूच नये असं सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात लोक ते जांघेत महिनोन्महिने लावतात. मग कातडी पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे मांडीवर उमटतात. हे पट्टे फिके होतात, पण पुरते जात नाहीत.

२०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं कातडीवर लावायची १४ स्टिरॉईड औषधं 'शेड्यूल एच'मध्ये आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. अशा औषधाच्या वेष्टनावर 'आरएक्स' ही खूण असते. ती दिसली की समजावं, ही ट्यूब विचारल्याशिवाय लावायची नाही.

यात गावाचंही नुकसान आहे. गजकर्णाच्या बुरशीची एक चिवट जात भारतात पसरली आहे. २०२० मध्ये तिला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव मिळालं. नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला तिच्यातल्या बऱ्याच बुरशी दाद देत नाहीत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण सापडले. अर्धवट उपचार आणि स्टिरॉईड मिसळलेल्या ट्यूबचा सर्रास वापर हे तिच्या फैलावामागचं एक कारण असावं, असं त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

मग करायचं काय? चट्टा आला की डॉक्टरला दाखवावा. नुसत्या बुरशीचं औषध मिळालं तर ते चट्ट्यावर आणि चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत लावावं, कारण बुरशी दिसते त्याच्याही पुढे गेलेली असते. खाज थांबली म्हणून औषध थांबवू नये. चट्टा गेल्यावरही डॉक्टर सांगतील तितके आठवडे लावावं. घरात आणखी कुणाला असेल तर त्याचाही उपचार सोबतच करावा. टॉवेल, चड्डी वेगवेगळी ठेवावी, उन्हात कडक वाळवावी. आणि ज्यांनी स्टिरॉईडची ट्यूब महिनोन्महिने लावली आहे, त्यांनी ती रिकामी ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरकडे जावं. लाज वाटून नाव लपवलं तर उपचार चुकतो.

किती लावायचं? बोटाचं माप

ट्यूबच्या तोंडातून मलमाची रेघ काढायची, पहिल्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत. मोठ्या माणसाच्या बोटावर हे साधारण अर्धा ग्रॅम होतं. एवढं मलम बोटांसकट दोन तळहातांइतक्या जागेला पुरतं. १९९१ पासून जगभरचे त्वचेचे डॉक्टर हे माप सांगतात.

थर जाड दिल्यानं औषध जास्त आत जात नाही. भिंतीला लागून असलेला पातळ थरच कामाला येतो, वरचा सगळा कपड्याला पुसला जातो. दिवसातून पाच-सहा वेळा लावूनही फायदा नसतो. कातडीचा वरचा थर औषध साठवून ठेवतो आणि हळूहळू खाली सोडतो. म्हणून बहुतेक मलमं एकदा किंवा दोनदा पुरतात. जोरानं चोळायचीही गरज नसते. हलक्या हातानं, केस ज्या दिशेला वाढतात त्या दिशेला पसरायचं. दोन ट्यूब तळहातावर एकत्र करून किंवा खोबरेल तेलात कालवून लावू नये. औषध पातळ होतं आणि किती आत जाईल याचा भरवसा राहत नाही.

आता नेहमीच्या तीन गोष्टी.

टाचेच्या भेगा : इथे भिंत जाड आहे, म्हणून ती मऊ करावी लागते. रात्री कोमट पाण्यात पाय १०-१५ मिनिटं ठेवावेत. जाड कातडी हलकेच घासावी, टॉवेलनं टिपावी आणि ओल असतानाच युरियाचं क्रीम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावून सुती मोजे घालावेत. कोरड्या टाचेवर मलम चोळण्यापेक्षा यानं कितीतरी लवकर गुण येतो. शुगर असलेल्यांनी मात्र पाय भिजवत ठेवू नयेत, भेगांवर ॲसिडचं मलम लावू नये, आणि भेग खोल असेल तर दवाखान्यातच दाखवावी.

खरूज : इथे औषध कातडीच्या वरच्या थरातच राहायला हवं, कारण किडा तिथेच असतो. परमेथ्रिनचं ५ टक्के क्रीम गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच लावू नये. अंग थंड आणि कोरडं झाल्यावर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत, जांघेत सगळीकडे लावायचं. ८ ते १४ तास ठेवून धुवायचं आणि डॉक्टर सांगतील तसं आठवड्यानं पुन्हा लावायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं. लहान बाळ, गरोदर बाई असेल तर आधी विचारायचं. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. तेवढ्यावरून रोज क्रीम लावत सुटू नये.

गुडघेदुखीचं जेल : डायक्लोफेनॅकचं जेल लावल्यावर रक्तात जाणारं औषध गोळीच्या मानानं सुमारे ६ टक्के असतं. म्हणून पोटाला त्रास कमी. पण जेल लावून वर गरम शेक देणं किंवा प्लास्टिक गुंडाळणं बरोबर नाही. त्यानं आत जाणारं औषध वाढू शकतं आणि कातडी भाजल्यासारखी होते. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर विचारूनच वापरावं.

बाळाला लावताना दहादा विचार

बाळाच्या वजनाच्या मानानं त्याची कातडी मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त भरते. म्हणजे अंगभर काही चोळलं तर किलोमागे दुपटीहून जास्त औषध आत जाण्याची शक्यता. शिवाय अपुऱ्या दिवसांच्या बाळाची भिंत अजून पुरती बांधलेलीच नसते.

१९७२ मध्ये फ्रान्समध्ये बाळांना लावायच्या पावडरीत हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून ६ टक्क्यांपर्यंत मिसळलं गेलं. पावडर फक्त अंगावर लावली होती. तरी ३६ बाळं दगावली.

आपल्याकडे सर्दी झाली की बाळाच्या छातीला, नाकाला कापूर किंवा कापूर असलेलं बाम चोळतात. कापूर कातडीतून आणि वासातून आत जातो, आणि लहान बाळाला त्यानं झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालच्या मुलाला ते लावू नये. डायपरच्या जागेला लाली आली म्हणून घरातली गजकर्णाची ट्यूब लावणं, ही त्याहून मोठी चूक. कडक स्टिरॉईड, नाजूक कातडी आणि वरून झाकण! असं स्टिरॉईड रक्तात जाऊन बाळाची वाढसुद्धा रोखू शकतं.

औषधाची पट्टी आणि पुढची वाट

कातडीतून जाणारं औषध फक्त कातडीच्याच रोगासाठी असतं असं नाही. १९७९ मध्ये अमेरिकेत प्रवासात उलटी होऊ नये म्हणून कानामागे चिकटवायच्या पट्टीला परवानगी मिळाली. कातडीतून रक्तात औषध सोडणारी ही पहिली पट्टी. कानामागची जागा निवडली, कारण तिथून औषध चांगलं आत जातं. पुढे छातीत दुखण्यावर नायट्रोग्लिसरीनची, तंबाखू सोडण्यासाठी निकोटिनची आणि कॅन्सरच्या वेदनांवर फेंटानिलची पट्टी आली.

फेंटानिलची पट्टी लावलेल्या रुग्णाला घरी सांभाळत असाल तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पट्टीवर शेक, गरम पाण्याची पिशवी लावू नये. औषध एकदम जास्त सुटून श्वास मंदावू शकतो. आणि वापरलेल्या पट्टीतही बरंच औषध उरतं. ती मुलांच्या हाती लागू देऊ नये, चिकट बाजू आत दुमडून दवाखान्यात सांगतील तशीच विल्हेवाट लावावी.

मोठे रेणू आत नेण्यासाठी आता बारीक सुयांच्या पट्ट्यांवर काम चालू आहे. या सुया मिलिमीटरपेक्षाही लहान असतात, वरची भिंत तेवढी भेदतात. गोवर-रुबेलाची लस अशा पट्टीतून देऊन आफ्रिकेतल्या गांबिया देशात लहान मुलांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले आणि लसीचा परिणाम इंजेक्शनसारखाच दिसला. ही पट्टी अजून चाचणीच्या टप्प्यावर आहे. तोवर बाळाची लस टोचूनच घ्यायची, थांबायचं नाही.

याच वाटेनं फवारणीचं विष जातं

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. अशा विषबाधेत विष नाका-तोंडातून जातं, तसं कातडीतूनही जातं. बरीच कीटकनाशकं लहान रेणूंची आणि चरबीत विरघळणारी असतात. कंपनी त्यात असे द्रव मिसळते की ते पानाला चिकटावं, किड्यात शिरावं. पानाला चिकटणारं कातडीलाही चिकटतं.

मायबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पॅराथिऑन या कीटकनाशकाचीही तशीच मोजणी केली. हाताच्या मानानं डोक्याच्या कातडीतून जवळपास चौपट, काखेतून सातपट आणि अंडकोशाच्या कातडीतून सुमारे १२ पट विष आत गेलं.

आता शेतातलं चित्र पाहावं. पाठीवरचा पंप गळतो. औषधाचं पाणी पाठीवरून कमरेत, कमरेवरून जांघेत उतरतं. भर उन्हात घामानं अंग ओलं. ओला सदरा अंगाला चिकटलेला. पाणी, झाकण, उष्णता, आणि सगळ्यात नाजूक जागा. डॉक्टर औषध आत जावं म्हणून जे जे करतो, ते सगळं इथे विषासाठी आपोआप होतं.

म्हणून पंप गळत असेल तर तो वापरू नये, आधी वायसर बदलावा. औषध काठीनं कालवावं, हातानं नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि जमेल तर पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधावा. वाऱ्याच्या दिशेनं फवारावं, दुपारच्या उन्हात फवारू नये. अंगावर सांडलं तर "घरी गेल्यावर धुऊ" म्हणून थांबू नये. कपडे तिथेच काढावेत आणि साबण लावून भरपूर साध्या पाण्यानं धुवावं. गरम पाणी वापरू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुवायला टाकू नयेत. ते धुणाऱ्या बाईच्या हातांनाही तीच वाट आहे.

मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला लाळ, खूप घाम किंवा छातीत दडपण वाटलं तर १०८ ला फोन करावा आणि औषधाचा डबा किंवा पुडा दवाखान्यात सोबत न्यावा. डॉक्टरला विष कुठलं ते कळलं तर योग्य उतारा लवकर देता येतो.

थोडक्यात

- वेष्टनावर 'आरएक्स' असेल तर चिठ्ठीशिवाय लावायचं नाही.
- एकाची ट्यूब दुसऱ्याला नाही. पायाची ट्यूब तोंडाला नाही.
- मलम बोटाच्या एका पेराचं, दोन तळहातांच्या जागेला.
- डॉक्टरनं सांगितल्याशिवाय वर प्लास्टिक किंवा शेक नाही.
- गजकर्णाला स्टिरॉईड नाही, आणि खाज थांबली म्हणून औषध बंद नाही.
- बाळाला कापूर नाही, घरातली उरलेली ट्यूब नाही.
- फवारणीचं औषध सांडलं की कपडे लगेच काढायचे, साबणानं धुवायचं.

घरात उरलेल्या ट्यूब एकदा बाहेर काढून पाहाव्यात. कुठली कशासाठी आणली होती ते आठवत नसेल, तर ती कुणालाच लावू नये. त्या सगळ्या पिशवीत घालून पुढच्या वेळी आरोग्य केंद्रात जाताना न्याव्यात आणि डॉक्टरला दाखवाव्यात. कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची, ते तिथेच कळेल.